कॅमेऱ्याकडे पाठ

सिंदी मेघेच्या कॉलन्यांमधून आज जी पोरं मोटारसायकली उडवत वर्ध्याला कॉलेजात जातात, त्यांतल्या निम्म्यांना तरी मनकर्णाबाईने पायावर घेऊन न्हाऊ घातलं आहे. हे ती चारचौघांत सांगत फिरत नाही. पण एखादा पोरगा कोपऱ्यावरून फारच जोरात वळला की रस्त्याच्या कडेला सरकून पुटपुटते, "याचं डोस्कं म्या गोल करून देल्लं होतं. आत भराचं काम माह्याकडे नव्हतं."

पंचावन्न वर्षांची, बुटकी, काटक बाई. तिची सासू यशोदाबाई घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालायची. तिच्यामागे तेलाची वाटी धरून हिंडता हिंडता ही शिकली. सासू कडक होती. पाणी आधी स्वतःच्या कोपरावर घ्यायचं आणि लेकराशी सतत बोलत राहायचं, तोंड बंद पडलं की हात परका वाटतो, असं ती सांगायची. मनकर्णाबाईला बोलायला कोणी सांगावं लागत नसेच. तेल चोळता चोळता ती बाळाला गावच्या बातम्या सांगे, लटक्या शिव्या देई, त्याच्या बापाच्या नाकाची चेष्टा करी. आठ दिवसांचं बाळ तिच्या नडग्यांवर उताणं पडून मोठ्या गंभीर चेहऱ्याने ते सगळं ऐकून घेई.

तीस वर्षांत एक लेकरू तिच्या हातून घसरलं नाही, एकाच्या अंगावर वळ उठला नाही. राहतं घर नवऱ्याच्या, नत्थूजींच्या नावावर. देवळी रोडवरचं दोन एकर वावरही त्यांचंच. मनकर्णाबाईच्या स्वतःच्या मालकीचं या जगात काही असेल तर एवढंच, की मनकर्णाबाईचा हात चांगला आहे असं लोक म्हणतात.

सासूचं बोट सोडून तिने एकटीने न्हाऊ घातलेली पहिली पोर म्हणजे नानांची स्वरदा. नाना सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, आता निवृत्त होऊन बागेतल्या गुलाबांवर हुकूम चालवतात. त्या स्वरदाचं पहिलं बाळंतपण यंदा संक्रांतीनंतर आलं आणि ती पुण्याहून माहेरी आली. बाळ चार किलोचं, सुटका अवघड झाली. पण मुलगा झाला, आणि तिसऱ्या दिवशी मायलेक घरी आले. त्या संध्याकाळी मनकर्णाबाई बाळ पाहायला गेली तर मागच्या पडवीत जावई, म्हणजे मिहिर, स्टुलावर चढून भिंतीला भोक पाडत होता.

"हे काय करून राह्यले जवाईबापू?"

"कॅमेरा लावतोय, मावशी. एक पाळण्याच्या खोलीत लावला. हा इथे. मला रात्रीच्या गाडीने परत जायचंय ना, मग रोज सकाळी ऑफिस सुरू व्हायच्या आधी बाळाची आंघोळ तरी दिसेल."

बापाला आपलं लेकरू पाहावंसं वाटतं, यात वाईट काय? आणि वाईट असतं तरी जावयाने ठोकलेला खिळा उपटायची छाती त्या घरात कोणाची होती? मनकर्णाबाईने मान वर करून पाहिलं. पांढरा, लाडवाएवढा गोळा, मधोमध काळं बुबुळ. ती बाजूला सरकली तशी त्यानेही मान वळवली.

"मंग आमी अथी जे जे करू ते समदं याच्यात भरून राह्यते काय?"

"हो. पण सात दिवसच. आठव्या दिवशी जुनं आपोआप पुसलं जातं. तुम्ही काळजी करू नका."

ज्या गोष्टीत काळजीसारखं काही नसतं ती सांगताना कोणी 'काळजी करू नका' म्हणत नाही, हे मनकर्णाबाईला पक्कं ठाऊक होतं. पण सात दिवसांत पुसलं जातं, हे ऐकून तिला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. पडवीच्या कोपऱ्यात न्हाणीचा कट्टा, शेजारी गरम पाण्याची बादली, तेलाची वाटी, साय आणि डाळीचं पीठ. पाट मांडताना तिने तो गुपचूप फिरवला आणि भिंतीवरच्या गोळ्याकडे पाठ करून बसली. सुधाताई, म्हणजे स्वरदाची आई, टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या ते लक्षात आलं.

"तेल लावलेलं उघडं लेकरू असं कोनाच्या डोळ्यासमोर धरत नाई, सुधाताई," मनकर्णाबाई हळू आवाजात म्हणाली. "मायबापाचीच नजर पह्यले लागते. सासूबाईनं मले शपथ घातली हाय."

सुधाताई बी.ए. झालेल्या. पण बाळ घरी आल्याबरोबर मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकण्यासाठी चूल नाही म्हणून गॅसवर तवा ठेवून त्यांनी ते काम उरकलेलं होतं. "बसा तुम्ही तशाच," त्या म्हणाल्या. "मिहिरला मी सांगते, ऊन त्या बाजूने येतं म्हणून."

दोघी बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. मनकर्णाबाईने साडी गुडघ्यांपर्यंत घेतली, पाय लांब केले, बाळाला नडग्यांवर घेतलं आणि विचारलं, "काय रे पुनेकर, इतका लठ्ठ होऊन आला, मायचा जीव घ्याले निघाला होता काय?"

आणि भिंत बोलली. "मावशी, बाळ दिसत नाहीये हो."

तिच्या हातातली तेलाची वाटी हिंदकळली. त्या गोळ्याला तोंडही आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सुधाताईंनी ऊन, कोवळं ऊन, बाळाला लागणारं ऊन असं बरंच सांगितलं. "अच्छा, अच्छा," भिंत म्हणाली आणि गप्प झाली. पण आता मानेमागे कोणीतरी उभं आहे, ही जाणीव काही गेली नाही.

छाती, पोट, पाय चोळून झाले. मग हातपायांना आडवा ताण. उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला, सासूने शिकवला तसा. उजवा हात लोण्यासारखा आला. डावा हात तिने धरला मात्र, बाळाचं तोंड वाकडं झालं आणि ते रडलं. भुकेचं रडणं वेगळं, थंडीचं वेगळं. हे तिसरंच होतं. तिने हात तिथेच सोडला. पहिला तांब्या अंगावर पडला तेव्हा बाळ दचकलं आणि त्याचा उजवा हात हवेत उडाला. डावा जागचा हलला नाही.

एरवी ती जागेवरच ओरडली असती, "सुधाताई, हा हात पाहा व." तोंड उघडलंही. पण मानेमागचा तो डोळा आठवला. तिला वाटलं, पहिल्याच दिवशी, पहिल्याच न्हाणाला, आपल्याच पायावर लेकरू असताना हात दुखल्याचं त्याच्यात भरलं जाईल. मग आधीचं कोण पाहतं? नर्सिंग होममध्ये ते जन्मलं, तिथे कुठे हा डोळा होता? पोटात अवघडून बसलं असेल, दोन दिवसांत सुटेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पुसायला घेताना टॉवेल डोक्यावरून पायापर्यंत लपेटला, शेवटचा तांब्या ओवाळून टाकला आणि बाळ सुधाताईंच्या हातात दिलं.

तिथे ती चुकली. हे तिला त्याच दिवशी घरी जाताना कळलं होतं, पण चुकीचं असं असतं की पहिल्या दिवशी सांगितली तर ती चूक, आणि दुसऱ्या दिवशी सांगितली तर लपवाछपवी.

पुढचे दिवस ती डाव्या हाताला धक्का न लावता न्हाऊ घालू लागली. तोंडही बंद पडलं. भिंत ऐकते म्हटल्यावर बाळाच्या बापाच्या नाकाबद्दल बोलणार कशी? चौथ्या दिवशी भिंत म्हणाली, "मावशी, डोकं एवढं दाबू नका ना, प्लीज." ती दाबत नव्हती, टाळूवर नुसतं तेल थोपटत होती. तिने हात काढून घेतला. त्या दिवसापासून टाळूला तेलही बोट लांब धरून लावू लागली. तीस वर्षं ज्या हातांना विचार करावा लागला नव्हता, ते आता प्रत्येक ठिकाणी जाण्याआधी थांबून विचारू लागले. बाळाला ते कळत होतं. ते तिच्या पायावर आलं की अंग ताठ करायचं.

घरी तिची रूपाली आलेली होती, देवळीच्या सासरहून, बाळंतपणाला. आठवा महिना. ती आईकडे पाहून म्हणाली, "आई, तू हात काऊन पाहून राह्यली सारखी?"

"काई नाई. तेल निघालं नाई."

नत्थूजींना मात्र तिने सांगितलं. ते अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुह्या हातानं झालं काय?"

"नाई जी. आलं तवाच होतं तसं."

"मंग भेते कायले? मनात पाप नाई तर कोनाले भ्याचं काम नाई."

"मन दिसते काय त्याच्यात?" मनकर्णाबाई म्हणाली. नत्थूजींनी पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

सातव्या न्हाणाला, म्हणजे बाळ दहा दिवसांचं असताना, गळ्याखाली तेल लावता लावता तिचं बोट डाव्या बाजूला अडखळलं. हाडावर हरभऱ्याएवढी गाठ. कालपर्यंत नव्हती. आता हे दोन दिवस थांबून जाणारं दुखणं नव्हतं. परवा बारसं. घरभर पाहुणे येणार, बाळ या हातातून त्या हातात जाणार, कोणाच्या तरी बोटाला गाठ लागणार. आणि मग पहिला प्रश्न एकच, बाळाला रोज रगडतं कोण?

ती न बोलता घरी आली. भाकरी थापताना तिने बोटांवर दिवस मोजले. पहिलं न्हाण, त्याला आज सात दिवस झाले. म्हणजे उद्या सकाळी ते पुसलं जाणार. पाळण्याच्या खोलीतल्या डोळ्याला तर ते दुपट्यात गुंडाळलेलंच दिसणार. बाळ असाच हात घेऊन घरी आलं होतं याला साक्षीदार एकच, तो पडवीच्या भिंतीवरचा लाडू. आणि त्याची साक्षही आजच्या दिवसापुरती. ज्याला सात दिवस मनातल्या मनात शिव्या घातल्या त्याचेच आता पाय धरायची वेळ आली होती. आपण पाठ करून बसलो होतो हे तिला आठवत होतं. पण बाळाला उचलून खांद्यावर घेतलं तेव्हा तरी त्याचं तोंड भिंतीकडे होतं, लोंबणारा डावा हात तेवढ्यात तरी दिसला असेल, या एका आशेवर ती भर दुपारी तीन वाजता पुन्हा नानांच्या दारात उभी राहिली.

"नानाजी, लेकराच्या डाव्या हाताले काईतरी हाय," तिने उभ्याउभ्याच सांगितलं. "आलं त्या दिवशीपासून हाय. म्या बोलली नाई, ते चुकलं माहं. तुमी ते पह्यल्या दिवशीचं लावून पाहा. उद्या पुसून जाईन."

स्वरदाने पाळण्यातून बाळ उचललं. बोटाने चाचपलं आणि गाठ लागताच बोट मागे घेतलं. नानांनी आधी दवाखान्यात फोन करून संध्याकाळची वेळ घेतली, मग पुण्याला फोन लावला. मिहिर एका फोनवर बोलत होता, आणि दुसऱ्या फोनवर स्वरदाने पहिल्या न्हाणाचं चित्र लावलं. सगळे त्या फोनवर वाकले. मनकर्णाबाईही वाकली.

माणूस जन्मभर स्वतःची पाठ पाहत नाही. तिने ती त्या दिवशी पाहिली. हिरवी साडी, पाठीवर सैल पडलेला अंबाडा, आणि दोन्ही बाजूंना वरखाली होणारी कोपरं. बाळ कुठेच नव्हतं. पायावर लेकरू आहे हे माहीत नसतं तर बाई धुणं पिळतेय असं वाटलं असतं. मध्येच बाळाचं ते रडणं ऐकू आलं, कोपर झटक्यात मागे आलं, थांबलं, आणि बाई काही न बोलता पुढचं काम करू लागली. शेवटी बाळ खांद्यावर आलं तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत टॉवेलात होतं. बोटसुद्धा दिसत नव्हतं. ते सगळं पाहून क्षणभर खुद्द मनकर्णाबाईलाच वाटलं, ही बाई काहीतरी लपवून राह्यली.

स्वरदाने दुसऱ्या दिवशीचं लावलं. पाठ. तिसऱ्या दिवशीचं. पाठच.

"सातही दिवस?" फोनमधून मिहिरचा आवाज आला. तो ओरडत नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. "मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, बाळ दिसत नाही. कॅमेऱ्याकडे पाठ करूनच बसायचं, असं कोणी सांगितलं होतं यांना?"

मनकर्णाबाईने सुधाताईंकडे पाहिलं. त्यांच्या एका वाक्याचं काम होतं. नजर लागू नये म्हणून, आणि मीच हो म्हटलं होतं. बस, एवढंच. सुधाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. गुंडाळून झालं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. पुण्याच्या जावयासमोर, त्याच्या आईच्या कानावर उद्या जाणाऱ्या गोष्टीत, आपण दृष्टीबिष्टीचं बोललो असं त्यांना सांगवेना.

मनकर्णाबाई स्वतः सांगू शकली असती. पण जी बाई समोर उभी असून गप्प आहे, तिच्या तोंडची गोष्ट आपण सांगितली तर आणखी एक खोटं आपल्या नावावर चढेल, एवढं तिला कळत होतं. "उन्हासाठी," ती म्हणाली.

"मावशी," स्वरदा म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते. "खरं सांग मला. हात ओढताना काही झालं का? मी कोणाला काही म्हणणार नाही, फक्त खरं सांग."

याच पोरीला तिने एकोणतीस वर्षांपूर्वी याच पडवीत न्हाऊ घातलं होतं. तिने नुसती नाही म्हणून मान हलवली, आणि आपलं मान हलवणंही वरून कोणीतरी भरून घेत आहे, हे त्या क्षणीसुद्धा तिच्या ध्यानात होतं.

नाना तिच्यासोबत फाटकापर्यंत आले. "उद्या येऊ नका, मनकर्णाबाई," ते गुलाबाच्या कुंडीकडे पाहत म्हणाले. "आम्ही कळवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिने सवयीने साडी बदलली आणि मग बदललेल्या साडीत चुलीपाशी बसून राहिली. नळावर शेजारची मीराबाई म्हणाली, "आज गेली नाई व मनकर्णा? नानाकडचं झालं काय इतक्यात?" साधा प्रश्न. पण संध्याकाळपर्यंत हा प्रश्न चार घरी जाईल, आणि परत येताना त्याच्या शेपटीला काय काय लागलेलं असेल हे ती जाणून होती. सव्वा महिन्याच्या आत न्हाऊ घालणाऱ्या बाईला थांबवलं, याचा अर्थ बायका एकच लावतात. आठ वाजले. आता ते पहिल्या दिवशीचं पुसलं गेलं असेल, तिला वाटलं. त्यात नुसती पाठ होती, तरी ते गेलं याचं तिला वाईट वाटलं. रूपालीने चहा दिला तो पुढ्यात निवला.

नाना दुपारी बारा वाजता स्कूटरवर आले. बाजेवर बसले, पाणी प्यायले, रुमालाने कपाळ पुसलं.

"गळ्याखालचं हाड आहे ना, त्याला चीर होती. जन्मतानाच पडलेली. खांदा अडकला होता म्हणे, कागदावर लिहिलेलं आहे, आपणच वाचलं नाही. गाठ म्हणजे हाड जुळून राहिलंय, चांगली खूण आहे. आपोआप बरं होतं, फक्त झबल्याची बाही पिनेने अडकवून ठेवायची." ते थांबले. "डॉक्टर म्हणाले, रोज न्हाऊ घालताना त्या बाईने हा हात सांभाळलेला दिसतो."

"म्हनलं होतं ना तुले," नत्थूजी म्हणाले.

भीती आता उतरायला पाहिजे होती. मनकर्णाबाईने वाट पाहिली. ती उतरली नाही. आज डॉक्टर होते, कागद होता; नसता तर? "सुधाताईनं काई सांगतलं काय?" तिने विचारलं.

"सुधाने? तिने काय सांगायचं?" नानांना खरंच काही माहीत नव्हतं. "उद्या बारसं. या तुम्ही. आणि न्हाणं सुरू ठेवा. फक्त मिहिर म्हणतो, तोंड जरा कॅमेऱ्याकडे करून बसत जा. तुमच्यासाठीच चांगलं आहे ते."

नत्थूजींचं म्हणणं पडलं, पुन्हा त्या घराची पायरी चढू नको. पण मध्येच काम सोडलं तर मीराबाईच्या प्रश्नाला उत्तर काय? सव्वा महिना पुरा करणं भाग होतं. ती गेली. बारशाला सुधाताईंनी तिची ओटी भरली, नेहमीपेक्षा भारी साडी दिली, आणि देताना तिच्याकडे न पाहता म्हणाल्या, "रंग आवडेल तुम्हाला." ती साडी अजून पेटीत घडी न मोडता पडली आहे.

बारशाला आलेल्या मिहिरने दुसऱ्या दिवशी गोळा तिथून काढून समोरच्या भिंतीवर खाली लावला, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. कोवळं ऊन आता बाळाच्या पाठीमागे पडायचं, पण त्याचं कोणालाच काही नव्हतं. पहिल्या सकाळी ती त्याच्यासमोर बसली, बाळाला पायावर घेतलं, आणि तेलात बोटं बुडवण्याआधी बाळाचा उजवा हात त्याच्याकडे वर करून दाखवला. मग डावा, न उचलता, आहे तसाच. मग एकेक पाय. मग कुशीवर वळवून पाठ. न्हाऊन झाल्यावर पुन्हा सगळं तसंच, बाजारात भाजी उलटसुलट करून दाखवावी तसं. "वा मावशी, आता कसं छान दिसतंय," भिंत म्हणाली. ते तिला कोणी करायला सांगितलं नव्हतं. पुढच्या दिवशीही तिने केलं.

सव्वा महिना संपला. पुढचं काम कॉलनीतल्याच प्रभाकररावांच्या सुनेचं होतं. त्यांच्या घरी कॅमेरा नव्हता. तरी पहिल्या दिवशी तिने दाराकडे तोंड करून पाट मांडला आणि सुनेला हाक मारली, "ये व, अथी उभी राह्य. पाहून घे." सुनेला वाटलं, मावशीची पद्धत असेल. ती मोबाइल पाहत उभी राहिली.

रूपालीला होळीनंतर मुलगी झाली. पाचव्या दिवशी मनकर्णाबाईने अंगणात, तुळशीच्या मागच्या आडोशाला, पाट टाकला. नातीला पायावर घेण्यासाठी ती दोन महिने थांबली होती. अंगणात कोणी नव्हतं. नत्थूजी वावरात गेलेले. रूपाली उंबऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. समोर मातीची भिंत, तिच्यावर सूप टांगलेलं.

मनकर्णाबाईने पाणी कोपरावर घेऊन पाहिलं. नातीला नडग्यांवर उताणं ठेवलं. मग तिचा उजवा हात भिंतीकडे वर केला. डावा वर केला. एक पाय, दुसरा पाय. पोरीला हलकेच वळवून तिची इवलीशी पाठ सुपासमोर धरली.

"आई," रूपाली म्हणाली, "कोनाले दाखवून राह्यली?"

मनकर्णाबाईचे हात थांबले. तिने भिंतीकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं. मग नातीला सरळ केलं आणि रूपालीकडे न वळता म्हणाली, "तू पाह्यलं ना? दोन्ही हात वर झाले होते ना?"

"हो ना."

"मंग तसं म्हन. मोठ्यानं म्हन."

रूपालीला काही समजलं नाही. पण आई तेलाला हात लावायला तयार नव्हती, म्हणून ती मोठ्याने म्हणाली, "दोन्ही हात वर झाले होते, आई. म्या पाह्यले."

तेव्हा कुठे मनकर्णाबाईने तेलाची वाटी जवळ ओढली.